लव्हिनाचे अकरा गुच्छ

“पण मी शब्द दिलाय! पाद्रीबाईंना चारचौघींसमोर शब्द दिलाय. बारा कप, आणि बाराही जांभळ्या फुलांचे!” हॅरिएटबाईंनी बटाट्यांचं भांडं टेबलावर ठेवलं म्हणण्यापेक्षा आपटलंच.

“तू दिलास ना? मग तूच रंगव,” लव्हिना म्हणाली.

“मला येतं का ते? मग तुला तीन वर्षं कॉलेजात घातलं ते कशाला?”

“सकाळपासून मी तेच विचारतेय. कशाला घातलंत?”

बार्नबस पर्डींनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि पुन्हा मांसावर सुरी चालवायला लागले. लाकडाच्या वखारीत बावीस माणसांना एका हाकेत गप्प करणारा हा माणूस जेवणाच्या टेबलावर मात्र स्वतःच गप्प असे. त्यांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण थिओडोशिया. बिनलग्नाची, अडुसष्ट वर्षांची; तीस वर्षं ती या घरात माडीवरच्या खोलीत राहत होती आणि तीनही वेळा न चुकता खाली जेवायला येत होती.

“बारा कपांसाठी एवढा तमाशा,” आत्या म्हणाली. “आमच्या वेळी चर्चच्या बाजारात आम्ही लोकरीचे मोजे विकायचो. मोजे कधी फुटत नसत.”

“वन्सं, तुम्ही मध्ये पडू नका.”

“मी कुठे पडतेय? मी बसलेय. ते लोणचं जरा इकडे सरकव.”

हॅरिएटबाईंनी लोणच्याची वाटी सरकवली आणि पुन्हा मुलीकडे वळल्या. “सहा झालेत ना तुझे? मग उरलेल्या सहांनी काय घोडं मारलंय? आणि तो डिप्लोमा भिंतीवरून काढून उशीच्या अभ्र्यात घालून गावभर मिरवायचं कारण काय होतं? समोरची बाई खिडकीतून बघत होती. मला वाटलं, आपल्या घरातून कुणी आरसा विकायला चाललंय.”

अभ्र्यात घातलेला तो डिप्लोमा आता ओसरीत छत्र्यांच्या स्टँडला टेकून उभा होता, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याच्या जागी, भिंतीला डकवलेल्या कागदाचा एक ताजा, न विटलेला चौकोन दिसत होता. चार वर्षांत बाकीची भिंत किती पिवळी पडली होती, ते त्या चौकोनामुळे आज पहिल्यांदा कळत होतं.

घडलं होतं ते एवढंच. खोगीरवाल्या सिम्सची मुलगी एट्टा तिसऱ्या सडकेवरच्या शाळेत मास्तरीण होती. तिला पश्चिमेकडे, सस्कॅचवानमध्ये, मोठ्या शाळेवर बोलावणं आलं आणि इथली जागा ऑगस्टच्या अखेरीला अचानक रिकामी झाली. शाळा उघडायला बारा दिवस राहिलेले. पोस्टाच्या दारात एट्टा लव्हिनाला भेटली आणि म्हणाली, “अगं, तूच का नाही अर्ज करत? तू तर आमच्यापेक्षा कितीतरी शिकलेली!” ती हे अगदी मनापासून म्हणाली. एट्टा साधी मुलगी. तिला टोमणा मारता येत नसे.

लव्हिना तीन दिवस झोपली नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिने दिवाणखान्यात खुर्चीवर चढून डिप्लोमा चौकटीसकट उतरवला आणि शाळांच्या इन्स्पेक्टरांपुढे नेऊन ठेवला. इन्स्पेक्टर म्हातारे आणि सभ्य होते. त्यांनी बाहीने काच पुसली, लाल मोहर पाहिली, निळी फीत पाहिली, लॅटिनमधलं तिचं नाव सावकाश वाचलं.

“फार सुंदर अक्षर आहे,” ते म्हणाले. “बरं, आणि सर्टिफिकेट?”

“हेच,” लव्हिना म्हणाली.

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला. चष्मा काढल्यावर माणसाला समोरचं दिसत नाही, म्हणून वाईट बातमी देताना पुष्कळ लोक तो काढतात. त्यांनी सांगितलं की सरकारच्या दृष्टीने हा कागद काहीच नाही. शिक्षिका व्हायचं तर सरकारी परीक्षा हवी, मग ट्रेनिंग. खोगीरवाल्याच्या मुलीने गावातल्या हायस्कुलात बसून तीच दिली होती.

“पण तुमच्या कॉलेजातही त्या परीक्षेचा वर्ग आहे की,” ते म्हणाले. “दुसऱ्या वर्षी मुलींची वाटणी होते. तुम्हाला विचारलं असेलच त्यांनी.”

“मला कुणी विचारलं नाही.”

“मग घरी लिहिलं असेल. ते नेहमी घरी लिहितात.”

घरी येईपर्यंत हेच वाक्य तिच्या डोक्यात चालत होतं. घरात पाऊल टाकताच आईने कपांचं काढलं.

लव्हिना नेपिअर कोव्हमधल्या त्याच घरात जन्मली. घरामागे वखार, वखारीमागे सरोवर. तिच्या आधीची दोन भावंडं घटसर्पाने एकाच आठवड्यात गेली होती, म्हणून ती जपलेली; आणि जपलेल्या मुलीला बाहेर जायची बंदी, म्हणून तिचं खेळणं म्हणजे वखार. दहाव्या वर्षी ती फळ्यांच्या थप्पीकडे नुसती पाहून किती फूट माल आहे ते सांगायची. बार्नबस गिऱ्हाइकांना मुद्दाम बोलावून दाखवायचे. “विचारा तिला. पट्टी लावून मोजा आणि मग विचारा.” गिऱ्हाइकं मोजायची, हसायची, तिच्या हातात पेपरमिंटची गोळी ठेवायची. बाराव्या वर्षी आईने ते बंद केलं. झग्याला राळ लागते आणि मुलीच्या तोंडी आकडे शोभत नाहीत, अशी दोन कारणं दिली.

सतराव्या वर्षी तिला वेस्टमोर लेडीज कॉलेजात घातलं. तिथे पियानो होता, फ्रेंच होतं, हातवाऱ्यांसकट कविता म्हणायचा एक तास होता, आणि चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम करायला शिकवणारी एक खोकणारी बाई होती. आकडे नव्हते. लव्हिनाने एकदा विचारलं तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, “बाळ, त्याची तुला गरज पडणार नाही.” आणि त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या की लव्हिनाला आपलं काहीतरी कौतुक झालं असंच वाटलं.

दुसऱ्या वर्षी वाटणी झाली, हे खरं. पाच मुली वेगळ्या वर्गात जाऊन बसायला लागल्या. सकाळी सहाला उठून बीजगणित, रात्री जेवल्यावर लॅटिन, बोटांना शाई. बाकीच्या त्यांना ‘परीक्षेच्या पोरी’ म्हणत. लव्हिनाची समजूत अशी की या बिचाऱ्या गरीब पाद्र्यांच्या मुली, यांना पुढे पोटासाठी काम करायचंय, म्हणून बाजूला काढल्यात. आपलं नाव पुकारलं गेलं नाही याचं तिला त्या वेळी बरंच वाटलं होतं. हे आठवलं की आता तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटे.

मग आला पदवीदानाचा दिवस, जून एकोणीसशे सहा. व्यासपीठावर चौदा जणी, पांढरे झगे, पांढरे मोजे, पांढरे हातमोजे. एकेकीने उठून आपला निबंध वाचायचा आणि खाली बसायचं, की सभागृहातून तिच्या नावाचे पुष्पगुच्छ वर यायचे. कुणाचे किती गुच्छ आले ते सगळ्या सभागृहाने मोजायचं. उघड नाही, पंख्याआडून. गावोगावच्या बाया त्यावर वर्षभर बोलत. एकीला दोनच आले तर तिची आई कार्यक्रम संपायच्या आत डोकं दुखतं म्हणून निघून गेली. लव्हिनाने ‘स्त्रीचं सौम्य सामर्थ्य’ हा निबंध वाचला आणि तिला अकरा आले. त्या वर्षी तेवढे कुणालाच आले नाहीत. तिच्या मांडीवर मावेनात, पायाशी रचून ठेवावे लागले.

परीक्षेच्या पाच पोरी त्या दिवशी रोजचे करडे घागरे घालून दारापाशी कार्यक्रमपत्रिका वाटत होत्या. व्यासपीठावर त्यांना जागा नव्हती, कारण त्यांचा निकाल सरकारकडून ऑगस्टात यायचा. तो आला तेव्हा वर्तमानपत्रात बारीक टायपात आला. लव्हिनाने तो वाचला नव्हता. तिला त्यांची दया आली होती.

त्यानंतर चार वर्षं. कप, बशा, फुलदाण्या. रविवारी चर्चमध्ये पियानो. मंगळवारी मिशनच्या बायकांना चहा ओतायचा, कारण लव्हिनाचं मनगट चहा ओतताना फार छान दिसतं असं त्या म्हणत. बँकेतला एक कारकून सात महिने दर गुरुवारी येऊन बसला, मग त्याची विनिपेगला बदली झाली. तिथून त्याने दोन पत्रं लिहिली, तिसरं लिहिलं नाही. चौदा जणींपैकी दहा जणींची लग्नं झाली, त्यांतली एक बाळंतपणात गेली. उरलेल्या चौघी चार गावांतल्या चार दिवाणखान्यांत जांभळी फुलं रंगवत होत्या.

“आई,” लव्हिना आता म्हणाली, “मी दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजातून पत्र आलं होतं का?”

“कॉलेजातून ढीगभर पत्रं यायची. चादरी पाठवा, कॉडलिव्हर ऑइल पाठवा. कुठलं म्हणतेस तू?”

“कुठल्या वर्गात घालू असं विचारणारं.”

“मला नाही बाई आठवत. बटाटा घे.”

“मला आठवतं,” आत्या म्हणाली.

हॅरिएटबाईंचा हात भांड्यावर थांबला. “वन्सं.”

“काय वन्सं, वन्सं? मी माझ्या गुडघ्यांनिशी बर्फातून ते पोस्टातून आणलं. निळी लाख होती. तू याच खुर्चीवर बसून उत्तर लिहिलंस, आणि ते टाकायलाही मीच गेले. वाटेत घसरून पडले. पडलेलं बाई विसरत नाही.”

“काय लिहिलं होतं?” लव्हिनाने विचारलं.

“मी दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही,” आत्या म्हणाली. “पण तुझी आई मोठ्याने लिहिते. ‘आमची मुलगी व्यासपीठावरच बसेल’, असं होतं.”

बार्नबसनी पाण्याचा पेला उचलला, पण प्यायले नाहीत.

“बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“तुझ्या आईने सांगितलं होतं.” ते घसा खाकरत म्हणाले. “मी म्हटलंही, पोरीचे आकडे चांगले आहेत.”

“मग?”

“मग... त्या आठवड्यात रेल्वेची मोठी मागणी आली होती गं. रुळांखालची लाकडं.”

लव्हिनाला हसू आलं, पण ते कडूच होतं. आपलं आयुष्य कशाखाली गेलं ते तिला आता नेमकं कळलं होतं.

“सगळे माझ्यावर या!” हॅरिएटबाई एकदम उसळल्या. “हो, लिहिलं मी! लिहिलं! तुला माहितीये मास्तरीण म्हणजे काय असतं ते? मी होते. सोळाव्या वर्षी. ओंडक्यांची शाळा, चुलाण्याचा धूर डोळ्यांत, माझ्याहून वीतभर उंच पोरं मागच्या बाकावर तंबाखू चघळत बसलेली. घरोघर आठवडा आठवडा राहायचं, लोकांच्या पोरांबरोबर एका बिछान्यात. एका घरात तर गोधडीत उवा निघाल्या. केस कापावे लागले माझे, ठाऊक आहे? लग्नाच्या फोटोत मी टोपी का घातलीये असं विचारायचीस ना लहानपणी? त्या दिवशी मी शपथ घेतली होती, माझ्या मुलीला कुणाच्या दारात पोटासाठी उभं राहावं लागणार नाही.”

“मी आज सकाळी उभी राहिले, आई. आणि मला परत पाठवलं.”

“तुला गरज काय होती जायची? इथे काय कमी आहे तुला?”

कमी काहीच नव्हतं. मागच्या आठवड्यात तिने पाद्रीबाईंसाठी सहा कप रंगवले होते आणि सहाव्यावर सोन्याची रेघ ओढताना तिच्या मनात आलं होतं, की आपण मेलो तरी हे कप शंभर वर्षं टिकतील.

“त्या दिवशी अख्ख्या सभागृहात तुझ्याएवढे गुच्छ कुणाला आले होते का?” आईचा आवाज आता चिरकला होता. “अकरा! अजून लोक आठवण काढतात.”

“त्यातले सात किंग्स्टनच्या एकाच दुकानातले होते,” आत्या लोणच्याचा शेवटचा तुकडा काट्याने टोचत म्हणाली. “सातांनाही हिरवी फीत. नावं तेवढी वेगळी. मला वाटलं, पोरीने ओळखलंच असेल.”

लव्हिनाने आईकडे पाहिलं. आईने खाली पाहिलं. सातातल्या एका गुच्छावर त्या कारकुनाच्या मावशीचं नाव होतं. चार वर्षांपूर्वी लव्हिनाने तिला आभाराचं पत्र लिहिलं होतं, आणि त्या मावशीने, काय ते न समजून, गोड उत्तर पाठवलं होतं. त्याच ओळखीवर पुढे तो कारकून घरी येऊन बसू लागला होता.

ती उठली. ॲपल पाय कापायचा राहिला होता, तो तसाच ठेवून तिने हॅट डोक्यावर चढवली आणि बाहेर पडली.

हायस्कूल गावाच्या वरच्या टोकाला. सुट्टी संपत आली होती आणि हेडमास्तर मिस्टर लॅम्बी बाह्या दुमडून स्वतः बाकांना पॉलिश करत होते. बार्नबस पर्डींची मुलगी दारात पाहून त्यांना वाटलं, वखारीतून कुंपणाच्या फळ्यांचं काही सांगायला आली असेल. फळ्या अंगणातच उतरवलेल्या होत्या.

“मला सरकारी परीक्षेला बसायचंय,” लव्हिना म्हणाली. “कुठून सुरुवात करावी लागेल?”

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. बीजगणित? नाही. भूमिती? नाही. पदार्थविज्ञान? नाही. लॅटिन?

“डिप्लोमावर आहे तेवढंच. तेही इन्स्पेक्टरांनी आज वाचून दाखवलं तेव्हा कळलं.”

“फ्रेंच?”

“येतं.”

“मग दुसऱ्या वर्गात बसवता येईल. तिथली मुलं चौदा-पंधराची आहेत, मिस पर्डी. खोडकर आहेत. तुम्ही किती वर्षांच्या?”

“चोवीस.”

“तीन वर्षं परीक्षेला, नंतर ट्रेनिंगचं एक,” ते शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले. “नीट विचार करा. मुलं तुम्हाला बाईच समजून उठून उभी राहतील, आणि मग हसतील. आणि हिशेबी डोकं नसेल तर बीजगणित...”

लव्हिना खिडकीतून अंगणातल्या फळ्यांकडे पाहत होती. “तुम्ही सहाशे फूट मागवल्या होत्या का?”

“हो. का?”

“पाचशे चाळीसच आल्यात. वरच्या रांगेत गाठी आहेत, त्या बाबांना परत करा. मी सांगितलं म्हणून सांगू नका.”

मिस्टर लॅम्बी पट्टी घेऊन बाहेर गेले. बराच वेळ मोजत राहिले. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता.

“हे कुठे शिकलात तुम्ही?”

“वखारीत. दहा वर्षांची होते.”

“आणि पुढे?”

“पुढे मला कॉलेजात घातलं,” लव्हिना म्हणाली.

त्यांनी नोंदवही उघडली.

ती घरी परतली तेव्हा सहा वाजले होते आणि रात्रीच्या जेवणाची मांडामांड झाली होती. थंड हॅम, गरम बिस्किटं, मुरवलेले आलुबुखार, चहा. डिप्लोमा पुन्हा भिंतीवर होता, थोडा तिरका. आईने एकटीनेच चढवला असणार. काच पुसलेली होती. आत्या आपल्या जागी होती, बाबा आपल्या जागी. हॅरिएटबाईंचे डोळे सुजलेले होते आणि आवाज मऊ झाला होता.

“ये, बस. ॲपल पाय तुझ्यासाठी ठेवलाय,” त्या म्हणाल्या. “मी विचार केला, बारा नकोच. नऊ पुरेत. पाद्रीबाईंना मी समजावीन. आणि मनात आलं तर रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकव तू. तिथे सर्टिफिकेट लागत नाही. शिकवण्याची हौसही भागेल.”

लव्हिनाने हॅट काढून खुंटीला लावली. खुर्चीत बसली. मांडीवर रुमाल पसरला. आईने पुढे केलेली चहाची किटली तिने घेतली नाही, तेव्हा आत्याने स्वतःचा चहा स्वतःच ओतून घेतला आणि तो थोडा बशीत सांडला.

“मंगळवारपासून मी हायस्कुलात जाणार आहे,” लव्हिना म्हणाली. “दुसऱ्या वर्गात. नाव घालून आले. सकाळी साडेआठला निघेन, दुपारचा डबा माझा मी करीन, चारला परत येईन आणि जेवणापर्यंत अभ्यास करीन, तेव्हा मंगळवारचा चहा दुसऱ्या कुणीतरी ओतावा. रंगवलेले सहा कप कपाटात वरच्या फळीवर आहेत, रंग पक्का व्हायला भट्टीत पाठवा. बाकीचे सहा पांढरेच विका.”